न वाचलेला मेल

निवृत्त झालेले माझे बहुतेक सहकारी उलगडा न झालेल्या गुन्ह्यांबद्दल बोलतात. मला मात्र उलगडा झालेली एक केस अजून जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की तोंड कडू होतं. तपास मी केला, माणसापर्यंत मी पोचलो, अटकही मीच केली. नाव कुणाचंच देणार नाही. ज्याचं द्यायला हवं त्याच्याविरुद्ध पुरावा नाही, आणि ज्याचं सगळ्यांना कळलं त्याचं ते एकदा छापून आलंय तेवढं पुरे.

नवी मुंबईत सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या एका कक्षात मी निरीक्षक होतो. त्याआधीची वीस-बावीस वर्षं घरफोड्या, हाणामाऱ्या आणि वाहनचोऱ्यांत गेली होती. संगणकाचं प्रशिक्षण मी पन्नाशीला टेकताना घेतलं. वर्गात सगळ्यात वयस्कर मीच होतो. त्यामुळे जे शिकलो त्याचा अभिमान जरा जास्तच होता. कुणी काही विचारलं की मी फळ्यावर आकृती काढून समजावून द्यायचो. कक्षातले लोक हसायचे, पण मला ते आवडायचं.

एका मंगळवारी सकाळी तळोज्याच्या बाजूच्या एका रासायनिक कारखान्याचे मॅनेजर आले. पन्नाशीच्या आतले, टापटीप, बोलायला गोड.

"साहेब, आमच्याकडे लीक झालंय," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले.

मला वाटलं वायुगळती. मी फोनकडे हात नेला.

"तसलं नाही. माहिती लीक झालीय. आतल्याच माणसानं केलंय."

त्यांनी फाईल उघडून एका मेलच्या छापील प्रती पुढे केल्या. तो कारखान्याच्या हेड ऑफिसला, दोन वर्तमानपत्रांना आणि प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला एकाच वेळी गेला होता. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मेलचा पत्ता म्हणजे ‘जलसाक्षी’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत. सोबत कारखान्याच्या लॅबमधल्या रजिस्टरच्या पानांचे फोटो होते.

"आरोप काय आहेत?" मी विचारलं.

"खोटे आहेत, साहेब. आम्ही सांडपाणी तसंच सोडतो वगैरे. तुम्ही फक्त माणूस शोधून द्या."

मेल बारा पानांचा होता. मी पहिलं पान चाळलं आणि मेल कुठून कसा आला हे सांगणाऱ्या वरच्या ओळींकडे वळलो. माझं काम तेवढंच आहे असं मी धरून चाललो होतो.

तो मेल युरोपातल्या एका खाजगी मेल सेवेवरून आला होता. मॅनेजरांनी त्या सेवेचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं आणि मी सांगायला लागलो. फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. या सेवेत मेल कुलूपबंद असतात, ती चालवणाऱ्यांनाही वाचता येत नाहीत. खातं उघडताना फोन नंबर मागत नाहीत. जाहिराती नाहीत, त्यामुळे कुणाचं काय चाललंय हे बघायची त्यांना गरजही नसते.

"मग तुम्ही मागितलं तरी माहिती देणार नाहीत?"

"बदनामी, माहितीची चोरी असल्या तक्रारीवर उत्तरसुद्धा देत नाहीत. त्यांच्या देशाच्या कोर्टातून जावं लागतं. त्यात वर्ष जाईल."

"म्हणजे कधीच नाही?"

"तसं नाही. बॉम्बची धमकी असेल, मूल पळवलं असेल, थोडक्यात जिवाला धोका असेल, तर दोन दिवसांत देतात."

"पण मेल वाचताच येत नाहीत तर देणार काय?"

हा प्रश्न मला इतका आवडला की मी खुर्ची पुढे ओढली. "लोक एक चूक करतात. पासवर्ड विसरलो तर काय, या भीतीने खातं उघडताना आपला दुसरा, रोजचा मेल देऊन ठेवतात. तो हाती लागला की माणूस हाती लागला. ज्यानं ती जागा मोकळी सोडली त्याला शोधणं देवालाही कठीण."

मॅनेजरांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा संपवला, आभार मानले. मी त्यांचा अर्ज चौकशीवर ठेवला आणि भेटीची नोंद डायरीत केली.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास नियंत्रण कक्षातून निरोप आला की त्याच कारखान्याला बॉम्बची धमकी आलीय. आम्ही पोचलो तेव्हा कारखाना रिकामा केलेला होता. हेल्मेट घातलेले कामगार रस्त्यावर उभे होते, कंत्राटी बायका समोरच्या भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. अग्निशमन दलाच्या दोन गाड्या आल्या होत्या. बॉम्बशोधक पथकानं अडीच तास सगळं पालथं घातलं. काही सापडलं नाही.

मॅनेजर घामाने भिजले होते. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत दोनच ओळी होत्या, दुपारपर्यंत टाकी उडवून देऊ अशा.

"साहेब, तोच माणूस आहे. बघा, सर्व्हिस तीच, नाव तेच."

मी पाहिलं. ‘जलसाक्षी’. सेवा तीच. मला पटलं.

त्या दिवशीच गुन्हा दाखल झाला. युरोपातल्या त्या सेवेला पाठवायची तातडीची मागणी मी स्वतः लिहिली. शेकडो कामगारांच्या जिवाला धोका आहे, धमकी देणाऱ्यानं याआधीही मेल पाठवला आहे आणि दोन्ही पत्ते एकाच व्यक्तीचे असल्याची आमची खात्री आहे, असं त्यात लिहिलं. खाली सही केली. ‘खात्री’ हा शब्द माझाच.

शनिवारी उत्तर आलं. एक पान होतं. धमकीच्या खात्याला दुसरा कुठलाही मेल जोडलेला नव्हता. आधीच्या मेलच्या खात्याला होता, साधा, रोजच्या वापरातला. मी असा अर्थ लावला की हा माणूस पहिल्या वेळी चुकला आणि दुसऱ्या वेळी शहाणा झाला. त्या रोजच्या मेलवरून फोन नंबर निघाला, नंबरवरून नाव आणि पत्ता. कारखान्याच्या कामगारांच्या यादीत ते नाव होतं. लॅबमधला सीनियर केमिस्ट, राहणार करंजाडे. कक्षातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे मागवले.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या सोसायटीत गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. गणवेशातला शिपाई पाहून ती घाबरली नाही, उलट हसली.

"पासपोर्टसाठी आलात ना? मुलीचा अर्ज केलाय. बसा, चहा ठेवते."

तो आत जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होता. शेहेचाळीस-सत्तेचाळीसचा, बारीक, जाड भिंगाचा चष्मा. त्यानं आमच्याकडे बघितलं, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "चहा नको ठेवू गं. पासपोर्टवाले नाहीत ते."

कक्षात आणल्यावर त्याला पाणी दिलं, ते त्यानं बाजूला ठेवलं. मी धमकावायच्या तयारीत होतो. गरज पडली नाही.

"तो मेल मी पाठवला," तो स्वतःहून म्हणाला. "पानांचे फोटोसुद्धा मीच काढले. जेवणाच्या सुट्टीत."

"आणि गुरुवारचा?"

"कुठला गुरुवारचा?"

"टाकी उडवायचा."

"साहेब, त्या टाकीपासून माझी लॅब चाळीस पावलांवर आहे. माझ्या हाताखालची तीन माणसं तिथे बसतात. मी ती टाकी उडवू?"

"उडवायची नसते. धमकी द्यायची असते."

"पण त्यानं मला काय मिळणार? माझा मेल लोकांनी वाचायला हवा होता. धमकी दिल्यावर कोण वाचणार तो?"

हा प्रश्न मी लिहून घेतला नाही. त्याऐवजी विचारलं की एवढे निर्दोष होतात तर लपून का पाठवलंत.

त्यानं सांगितलं ते माझ्या अजून लक्षात आहे. मेलमध्ये काय लिहायचं हे त्यानं एका दिवसात ठरवलं होतं. कुठून पाठवायचा हे ठरवायला त्याला तीन आठवडे लागले. लॅबमध्ये काम केलेला माणूस. त्यानं कागदावर तक्ता आखला होता. पाच मेल सेवा आणि प्रत्येकीपुढे रकाने. आपले मेल ती वाचू शकते का, फोन नंबर मागते का, कुठल्या देशाचा कायदा लागतो, आपल्याबद्दल काय साठवून ठेवते. कामाचा मेल तर बादच. रोजचा फुकटचा मेल फोन नंबरामुळे बाद. एकीचे पैसे कार्डानं भरावे लागत, म्हणजे नाव आलंच, म्हणून तीही बाद. एक फारच नवी, उद्या असेल की नसेल माहीत नाही. उरली ती ही.

"इतकं सगळं पाहिलंत आणि आपला रोजचा मेल त्यांना देऊन बसलात?" मी म्हणालो. माझ्या आवाजात कौतुक होतं आणि थोडी मजाही.

"तिथे ‘ऐच्छिक’ असं लिहिलं होतं. पण मी पासवर्ड विसरतो, साहेब. बँकेचा तीनदा विसरलोय. घरी लिहून ठेवला तर बायकोला कळेल, लॅबमध्ये ठेवायचा प्रश्नच नाही. आणि खातं उघडलंच नाही तर उद्या कुणी विचारल्यावर मी काय दाखवणार? म्हणून दिला." मग त्यानं विचारलं, "तेवढ्यावरून सापडलो?"

"तेवढ्यावरूनच."

जबाब लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवला. ‘मी चार वर्षांपासून रजिस्टरमध्ये खोटे आकडे लिहीत होतो’ हे वाक्य आलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"चार नाही. सहा वर्षं. दुरुस्त करा."

इतक्या वर्षांत मी शेकडो जबाब घेतले होते. खोटं बोलणारा माणूस आपला दोष कमी करून घेतो, कधी वाढवून मागत नाही. जबाब दुरुस्त करताना हे माझ्या मनात आलं होतं. तरीही दुरुस्ती करून मी त्याची सही घेतली आणि त्याला कोठडीत पाठवलं.

सोमवारी वर्तमानपत्रांत बातमी आली. कारखाना उडवण्याची धमकी देणारा केमिस्ट अटकेत. त्याचं नाव होतं, करंजाड्याचा उल्लेख होता, फोटो होता. ज्या दोन वर्तमानपत्रांना त्यानं बारा पानं पाठवली होती त्यांतल्या एकानं ही बातमी पहिल्या पानावर घेतली. रजिस्टरबद्दल ओळही नव्हती. कारखान्यानं त्याला त्या दिवशीच काढून टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की अशा माणसाला इमारतीत ठेवायचं का, हे त्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. मुलीचा पासपोर्ट अडकला. पाचव्या दिवशी त्याला जामीन मिळाला, दर सोमवारी कक्षात हजेरी लावायच्या अटीवर.

तो दर सोमवारी दहाला यायचा. इस्त्री केलेला शर्ट, हातात कापडी पिशवी. सही करायचा आणि जायचा. कुणाशी बोलायचा नाही.

दोन महिन्यांनी आम्ही दोषारोपपत्राची तयारी करत होतो. आमच्या कक्षात एक महिला हवालदार होत्या. साताऱ्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. कागद लावण्याचं काम त्यांच्याकडे होतं. एका दुपारी त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"विचारा."

त्यांनी दोन्ही मेलच्या प्रती शेजारी ठेवल्या. "पहिल्या पत्त्यात ‘जल’च्या पुढे एक ए जास्त आहे. दुसऱ्यात नाही. स्वतःच्या खात्याचं नाव माणूस असं चुकवेल का? बघून लिहिणारा चुकतो." मग त्यांनी पहिल्या मेलच्या मजकुरावर बोट ठेवलं. "आणि हा माणूस शुद्ध मराठीत लिहितो, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा चुकत नाही. तो दोन ओळींची हिंदी धमकी कशाला लिहील?"

मी काहीतरी उत्तर द्यायला गेलो, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी युरोपातून आलेलं ते एक पान पुढे केलं. "आणि सर, हे तिसऱ्या ओळीत आहे. धमकीचं खातं कधी उघडलं ते."

मी तारीख वाचली. वार होता मंगळवार. मी डायरी मागवली. मॅनेजर सकाळी साडेदहाला माझ्याकडे आल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. खातं उघडलं होतं त्या दिवशी संध्याकाळी.

ते पान दोन महिने माझ्याकडे होतं. मी त्यावर खुणा केल्या होत्या, केमिस्टच्या मेलखाली लाल रेघ मारली होती. तिसरी ओळ मी वाचलीच नव्हती, कारण मला हवं ते पाचव्या ओळीत मिळालं होतं. बदनामीच्या तक्रारीवर माहिती मिळत नाही आणि बॉम्बच्या धमकीवर मिळते, हे त्या माणसाला कुणी सांगितलं? मी. दुसरा मेल द्यायची जागा मोकळी सोडली की कुणी सापडत नाही, हे कुणी सांगितलं? तेही मीच, फळ्यावर आकृती काढून.

हवालदार बाई तिथेच उभ्या होत्या. "सर, चहा आणू का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो.

मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "दुसरं खातं मॅनेजरनं उघडलं, हे सिद्ध करता येईल?"

"आज नाही, सर. चौकशी करतो."

"करा."

मी मॅनेजरांना बोलावलं. या वेळी ते वकिलांना घेऊन आले. मोबाईल आणि लॅपटॉप त्यांनी आपणहून तपासायला दिले. त्यावर काहीही नव्हतं. मधल्या काळात दोन्ही बदलले होते, रीतसर, कंपनीच्या नियमाप्रमाणे. मी त्यांना सरळ विचारलं की त्या मंगळवारी संध्याकाळी ते कुठे होते.

"घरी असेन. आठवत नाही." मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, असा माणूस शोधणं देवालाही कठीण असतं म्हणून."

वकील कागद चाळत होते. मॅनेजर हसले नाहीत, त्यांनी नजरही चुकवली नाही. नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पाहिले, त्यांतल्या कित्येकांनी मला शिव्या दिल्या, एकानं चाकूही उगारला. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. मी त्या सेवेला पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की त्या खात्याबद्दल त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी दिलं आहे. आणि ते खरं होतं.

धमकीच्या गुन्ह्यात केमिस्टविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. पुढच्या सोमवारी तो हजेरीला आला तेव्हा मी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. मॅनेजरांसमोर मी काय बोललो होतो, तेही सांगितलं. लपवलं नाही. मला वाटलं तो ओरडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं चष्मा काढून पुसला. "म्हणजे त्यांनी माझीच सेवा निवडली," तो म्हणाला. "आणि नीट वापरली."

"माझी चूक झाली," मी म्हणालो.

"साहेब, तुम्ही माझा मेल वाचला का?"

"कुठला?"

"मी पाठवलेला. बारा पानांचा."

"पहिलं पान चाळलं होतं," मी म्हणालो.

"त्यात माझा पत्ता नव्हता, तो तुम्ही शोधून काढलात. एका बाईचा पत्ता होता. नवव्या पानावर. तिथे जायला तुम्हाला युरोपात विचारावं लागलं नसतं."

तो पिशवी उचलून निघून गेला. मी फाईल मागवली आणि तो मेल पहिल्यांदा पूर्ण वाचला. तो लॅबच्या रिपोर्टसारखा लिहिलेला होता, विशेषणं नव्हती. कारखान्यात दोन रजिस्टरं होती, एक खरं आणि एक दाखवायचं. दाखवायच्या रजिस्टरवर त्याची स्वतःची सही होती आणि ते त्यानं पहिल्याच पानावर कबूल केलं होतं. नवव्या पानावर लिहिलं होतं की एके दिवशी सांडपाण्याच्या खड्ड्यातून आम्लाचं पाणी बाहेर आलं आणि झाडलोट करणाऱ्या एका कंत्राटी बाईचे पाय भाजले. त्या दिवशीचा आकडा मी निर्धोक म्हणून लिहिला, असं पुढचं वाक्य होतं. खाली गावाचं नाव आणि घराची खूण.

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार बाई तिथे गेलो. नावड्याच्या पलीकडचं जुनं गाव, आता चारही बाजूंनी इमारती. बाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. साठीच्या आसपासची. पोलीस म्हटल्यावर तिनं लुगडं पायांवर ओढून घेतलं. हवालदार बाई तिच्या शेजारी खालीच बसल्या आणि हळूच विचारलं. मग तिनं पाय दाखवले. घोट्यापासून खाली कातडी गुलाबी आणि चकाकती होती, दोन बोटं एकमेकांना चिकटलेली.

"पानीच होता," ती म्हणाली. "मी बोल्ले, पानीच हाय, काय व्हतंय. चपलीतनं गरम लागला. घरा येईसपर कातरी निंगाली."

"कुणाला सांगितलं नाही?"

"सुपरवायझरला सांगतला. तो बोल्ला, घरी चुलीवर भाजली आसा सांग दवाखान्यान. नाय तं उद्यापासून येव नको."

"मग?"

"मंग तसाच सांगतला." तिनं सुपात हात घातला. "एक साहेब आलता बघाला. तुमच्यासारका चष्मा. लॅबमदला. काय बोल्ला नाय, नुसता रडला. मीच त्याला बोल्ले, बस रे बाला, पानी पी."

मी म्हणालो की तिनं जबाब दिला तर मी पुढे काहीतरी करू शकेन. तिनं विचार केला, खरंच केला. मग दाराकडे बघितलं.

"माजी सून जाते आता तिथंच झारू माराला. तिचा काम राहील का?"

मी हो म्हणू शकलो असतो. तोपर्यंत मी पुरेसं बोललो होतो. मी खरं सांगितलं, "माहीत नाही."

"मंग नको, साहेब," ती म्हणाली आणि लुगडं पुन्हा पायांवर ओढून घेतलं.

तिचा जबाब नाही, रजिस्टर नाही. मूळ रजिस्टर मागितल्यावर कारखान्यानं ते पावसात भिजून खराब झाल्याचं लेखी कळवलं. फोटोंच्या प्रती आणि माझं टिपण मी संबंधित कार्यालयाकडे पाठवलं. पोच आली. त्यानंतर माझी बदली झाली आणि मग निवृत्ती. बॉम्बच्या धमकीचा गुन्हा ‘आरोपी अज्ञात’ या शेऱ्यानं बंद झाला. केमिस्ट सुटला, म्हणजे कागदावर सुटला. त्या पट्ट्यातल्या एकाही कारखान्यानं त्याला परत घेतलं नाही. तो आता करंजाड्यात घरी रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेतो. सुरुवातीला शेजाऱ्यांनी मुलं पाठवली नाहीत. आता काही येतात. मुलगी शिकायला परदेशी जाणार होती, ती इथेच कुठेतरी नोकरीला लागली. मी एकदा भेटायला गेलो होतो. त्यानं दार उघडलं, बसा म्हणाला नाही आणि जा असंही म्हणाला नाही. दोन मिनिटांनी मीच निघालो.

सोसायट्यांमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघांत मला अजून सायबर सुरक्षेवर बोलायला बोलावतात. कुणीतरी हमखास विचारतं, "साहेब, सगळ्यात सुरक्षित मेल कुठला?" मी सांगतो. नावावर जाऊ नका, ती सेवा तुमच्याबद्दल काय साठवते ते पाहा, कारण जे साठवलंच नाही ते कुणालाच देता येत नाही. ऐच्छिक लिहिलेली जागा मोकळी सोडा. पासवर्ड विसरत असाल तर कागदावर लिहा आणि कपाटात ठेवा, त्यात लाज नाही. प्रत्येक सेवेला तिच्या देशाचा कायदा पाळावाच लागतो, हे लक्षात ठेवा. लोक वहीत उतरवून घेतात.

हे सगळं खरं आहे, पण या केसनं मला शिकवलं ते वेगळं आहे. त्या मेल सेवेनं विश्वासघात केला नाही. शेकडो जीव धोक्यात आहेत असं एका पोलीस अधिकाऱ्यानं सही करून लिहिलं, आणि तिनं विश्वास ठेवला. केमिस्टनं तीन आठवडे खपून जे कुलूप निवडलं ते चांगलं होतं. ते माझ्या सहीनं उघडलं. पाठवणारा कोण, हे शोधण्याच्या नादात त्यानं काय पाठवलंय हे मी वाचलं नाही. तपास करणाऱ्या माणसाला कौशल्य असून भागत नाही. हे शोधून कुणाच्या हातात देणार आहोत, हा प्रश्न आधी स्वतःला विचारायला हवा. मी तो विचारला नाही. मला शोधता येत होतं, म्हणून मी शोधलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या तपासासाठी मला प्रशंसापत्र मिळालं होतं. अटकेनंतर पंधरा दिवसांत, छोट्या समारंभात. परदेशी मेल सेवेच्या आड लपलेल्या आरोपीचा कौशल्यपूर्ण शोध, असं त्यावर लिहिलं आहे. चूक कळल्यावर ते परत करावं म्हणून मी दोन वेळा अर्ज लिहिला. दोन्ही वेळा पाठवला नाही, कारण तेव्हा माझ्या बढतीचे कागद वर गेले होते. बढती मिळाली.